शनिवार-रविवारचा सातपुडा: नागपूरहून सायकल, पायपीट आणि तंबू, दोन दिवसांत

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि चहूकडे सपाट. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना पहाटे निघून नाश्त्याआधी गडावर पोहोचता येतं. आपल्याला खरा डोंगर गाठायला १८० ते २५० किलोमीटर जावं लागतं, म्हणजे दोन दिवसांतले आठ-दहा तास रस्त्यातच जातात. त्यामुळे इथल्या शनिवार-रविवारच्या सहली फसतात त्या तयारी कमी पडल्याने नाही, तर उरलेल्या वेळात फार कोंबल्याने. शनिवारी पचमढी, रविवारी पातालकोट, वाटेत जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन, असा बेत कागदावर छान दिसतो आणि रविवारी संध्याकाळी घाटात अंधारात संपतो.

म्हणून पहिला नियम: मुक्काम एक, तंबू एकदाच लावायचा, आणि सगळं गणित रविवारच्या परतीपासून उलटं मांडायचं.

जागा कोणती

तीन पर्याय आहेत. चिखलदरा सुमारे २३० किलोमीटरवर, उंची १,११८ मीटर. पचमढी त्याहून थोडी लांब, उंची १,०६७ मीटर, आणि तिथलं धूपगड १,३५० मीटर, म्हणजे सातपुड्याचं सर्वोच्च शिखर. तिसरा तामिया-पातालकोट: सावनेर, सौंसर, छिंदवाडामार्गे सुमारे १८५ किलोमीटरवर तामिया आणि तिथून ईशान्येला २३ किलोमीटरवर पातालकोटची दरी.

सायकल, पायपीट आणि तंबू हे तिन्ही एकाच सहलीत हवं असेल तर तामिया-पातालकोट घ्या. कारण साधं आहे. पचमढीभोवती सातपुडा व्याघ्र प्रकल्प आहे आणि चिखलदऱ्याभोवती मेळघाट. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाला येईल तिथे तंबू ठोकणं, रात्री फिरणं, आडवाटेने सायकल नेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे राहायचं तर हॉटेलच्या किंवा पर्यटन निवासाच्या आवारातच. पातालकोटच्या कड्यावर मात्र गावं आहेत, शेतं आहेत, आणि शेतमालकाच्या परवानगीने त्याच्या खळ्यावर तंबू लावता येतो.

चिखलदरा सायकलवाल्यांसाठी उत्तम आहे हे खरं. परतवाड्यापासून सुमारे ३० किलोमीटरचा घाट, साधारण ७५० मीटरचा चढ. सरासरी उतार अडीच टक्केच निघतो, पण सरासरीवर जाऊ नका. सपाट सुरुवात वजा केली की उरलेला घाट बराच तिखट आहे. नुसती सायकल आणि गाविलगड किल्ला एवढंच करायचं असेल, रात्री पक्क्या खोलीत झोपायचं असेल, तर तिकडे जा. गाविलगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला. पाहायला अर्धा दिवस ठेवा.

पुढचं सगळं पातालकोट धरून सांगतो आहे. गणित तेच, जागा बदलली तर आकडे बदला.

कधी

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबर हिट ओसरलेली असते, झऱ्यांना पाणी असतं, गवत वाळू लागलेलं असतं. नोव्हेंबर सर्वांत सोपा. डिसेंबर-जानेवारीत दिवस स्वच्छ, पण रात्री कडक. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नागपुरात पहाटे १० अंश असेल तर कड्यावर पाच-सहा धरा आणि उघड्या माळावर त्याहूनही कमी.

१५ फेब्रुवारीनंतर वनखात्याचा वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्यानंतर जंगलाजवळ शेकोटीचा विचारही नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, ती वेचायला पहाटे गावकरी जातात आणि अस्वलंही जातात. मोहाच्या झाडाखाली तंबू कधीच लावू नये, पण या दोन महिन्यांत तर मुळीच नाही. मे महिन्याबद्दल नागपूरकरांना काही सांगायची गरज नाही. पावसाळ्यात दरी सुंदर दिसते, ती वरून पाहा. शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवरून सामान घेऊन उतरू नका.

पचमढीचा बेत असेल तर नागपंचमीच्या आधीचे नागद्वार यात्रेचे दिवस आणि महाशिवरात्रीची चौरागडची यात्रा, हे टाळा. विदर्भातूनच इतके भाविक जातात की रस्त्यावर सायकल चालवायला जागा राहत नाही.

उलटं गणित

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि पावणेसातला उगवतो. दरीत तर कड्याच्या सावलीमुळे उजेड आणखी लवकर जातो. आता मागून मोजा. रविवारी रात्री आठपर्यंत घरी यायचं. सिल्लेवाणी घाट, म्हणजे उमरानाला आणि रामाकोनामधला, उजेड असताना उतरायचा, कारण गाडी चालवणारा दोन दिवस दमलेला असतो. त्यासाठी छिंदवाडा साडेचारला सोडावं लागतं, तामिया तीनला, आणि पातालकोटचा कडा दोनला. दोनला निघायचं तर बाराच्या आसपास दरीतून वर आलेलं असावं. म्हणजे रविवारची पायपीट सकाळी सातला सुरू व्हायला हवी. म्हणजेच शनिवारची रात्र कड्यावरच काढायची, आणि सायकल शनिवारी.

हा क्रम उलटा करू नका. अनेकांना वाटतं की आधी दरी उतरू, मग सायकल. पण उंच पायऱ्या उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात आणि त्यांचं दुखणं दुसऱ्या दिवशी चढतं. पायपिटीच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसताना आई गं होतं, तिथे चढावर पायडल कसं मारणार? सायकलनंतर चालणं मात्र जमतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला नागपूर सोडा, छिंदवाड्यात मुक्काम करा. साधं लॉज पुरतं. रात्रीच तामियापर्यंत ओढायचा मोह आवरा. मागे सायकली बांधलेल्या असताना अंधारातला वळणांचा रस्ता कशाला? शनिवारी सहाला छिंदवाडा सोडलं की साडेसातला तामिया. तिथे कड्यावरच्या जुन्या सरकारी विश्रामगृहाजवळून दरी पाहा, पोहे-चहा घ्या, आणि आठला सायकली काढा. २३ किलोमीटर चढ-उताराचा रस्ता, तासाला आठ-नऊ किलोमीटर धरा. थांबे धरून अकरापर्यंत कड्यावरच्या गावात. दुपार तंबू, पाणी, जेवण आणि झोप यांना. चारनंतर कडेकडेने छोटा फेरफटका.

तामियाहून कड्यापर्यंत गाडी कोण आणणार हे शुक्रवारच्या आधी ठरवा. चालक सोबत असेल तर उत्तम. चौघांची टोळी असेल तर तिघे सायकलवर, एक गाडीत, आणि अर्ध्या वाटेत अदलाबदल. "बघू तिथे" म्हटलं की शेवटी एकाच बिचाऱ्याला दोन्ही दिवस स्टिअरिंग धरावं लागतं.

परवानगी आणि खळं

पातालकोट सुमारे ७९ चौरस किलोमीटरची, घोड्याच्या नालेसारखी दरी. कड्यापासून तळ १,२०० ते १,५०० फूट खाली. दूधी नदी तिच्यातून वाहते. रातेड, चिमटीपूर, गैलडुब्बा, करेआम अशी भारिया आणि गोंड लोकांची गावं दरीत आहेत. भारिया हा विशेष दुर्बल आदिवासी गट आहे, आणि २०१९ मध्ये पातालकोटला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. म्हणजे मुळ्या उपटायच्या नाहीत, रोपं न्यायची नाहीत, आणि कोणाच्या अंगणात शिरून फोटो काढायचे नाहीत. विचारा, हो म्हणाले तर काढा.

तामियाच्या वन परिक्षेत्र कार्यालयात आदल्या आठवड्यात चौकशी करा: कुठला रस्ता बंद आहे, अस्वलाचा किंवा बिबट्याचा वावर कुठे आहे, शेकोटीला परवानगी आहे का. शनिवारी-रविवारी कार्यालयात कोणी भेटेलच असं नाही, म्हणून हे शुक्रवारच्या आत. मग गावात पोहोचल्यावर शेतमालकाशी पैसे आधीच ठरवा, आणि जागेबरोबर पाणी, जळतन आणि सकाळी सामान राखायला एक माणूस, हे सगळं धरूनच ठरवा. सौंसरपर्यंत मराठी चालते, पुढे हिंदी. सरपंचांना किंवा कोटवाराला (गावच्या चौकीदाराला) आपण किती जण, कधी येणार, कधी जाणार हे सांगून ठेवा. रात्री काही झालं तर पहिला मदतीला येणारा तोच असतो.

घरी एका माणसाला कागदावर लिहून द्या: गावाचं नाव, गाडीचा नंबर, वाटाड्याचं नाव, आणि "रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर तामिया पोलीस ठाण्याला कळवा". दरीत मोबाइलला नेटवर्क मिळत नाही असं गृहीत धरा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

सायकल

बिनगिअरची नको. पुढे तीन किंवा दोन चकत्या आणि मागे ३२ ते ३६ दातांची मोठी चकती असलेली हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) हवी. चढावर सर्वांत हलका गिअर आधीच टाका. पायडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की साखळी अडकते किंवा तुटते. घाटात मिनिटाला ६०-७० फेरे पडतील असा गिअर ठेवा. दात-ओठ खाऊन जड गिअर ओढणारे पहिल्या पाच किलोमीटरमध्ये पुढे दिसतात आणि पंधराव्याला गुडघा धरून बसतात.

नागपूरच्या सायकलवाल्याची खरी अडचण फुप्फुसाची नसते, चढाच्या सवयीची असते. शहरात चढ म्हणजे उड्डाणपूल आणि सेमिनरी हिल्स. तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा, पहाटे वाहतूक सुरू होण्याआधी, सेमिनरी हिल्सचा चढ आठ-दहा वेळा करा. मग एका रविवारी मनसरमार्गे रामटेक, सुमारे ५० किलोमीटर, आणि तिथे अंबाळ्याकडून पायऱ्यांनी गड. सायकलनंतर पायऱ्या चढताना पाय काय म्हणतात ते त्या दिवशी कळतं, पातालकोटात कळून उपयोग नाही. रंगीत तालमीला तेच बूट, तीच बॅग, तेच सीट. नवे बूट थेट सहलीत घातले तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला.

गाडीवर सायकली बांधताना: डिकीवरच्या पट्ट्यांच्या कॅरिअरवर दोन, फार तर तीन. पायडल काचेला लागणार नाही असं फिरवा, मध्ये जुनी चादर भरा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकता कामा नयेत. पट्टे पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये हमखास सैल होतात. सावनेरला थांबून पुन्हा आवळा. चाक काढून सायकल आत ठेवणार असाल आणि ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचे असतील, तर दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा खुपसा. चाक नसताना कोणी ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही. तामियाला हे दुरुस्त करणारा मिळणार नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक पॅड पाहा. पत्र्यावरचा मसाला एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर बदला. हवा: रुंद एमटीबी टायरला ३५-४० पीएसआय, हायब्रिडच्या ३५-३८ मिलिमीटरच्या टायरला ५५-६५. टायरच्या कडेवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका. हवा फार कमी असेल तर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी जोडभोकं पडतात.

सोबतचं सामान: प्रत्येक सायकलच्या मापाची एक ट्यूब आणि टोळीत मिळून दोन जास्तीच्या, पंक्चर किट, टायर काढायच्या दोन प्लास्टिक पट्ट्या, हातपंप (व्हॉल्व जाड की बारीक ते आधी तपासून), ॲलन चाव्यांचा संच, साखळी तोडायचं अवजार आणि साखळीच्या स्पीडप्रमाणे दोन जोडकड्या. आठ स्पीडची कडी दहा स्पीडच्या साखळीला बसत नाही. शिवाय केबल टाय आणि थोडा चिकटपट्टीचा रोल.

आपल्या भागात पंक्चर म्हणजे बहुतेकदा बाभळीचा काटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून चिंधी फिरवा. नुसतं बोट फिरवलंत तर काटा बोटात जाईल. काटा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते आणि माणूस ट्यूबला शिव्या देत बसतो. पॅच लावताना खरवडा, सोल्यूशन पातळ लावा, पाच मिनिटं पूर्ण वाळू द्या, मग दाबा. ओल्यावर लावलेला पॅच हवा भरल्याबरोबर सुटतो.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवा, वळणात सोडा. सतत घासला की ब्रेक तापतो आणि नेमका गरजेला पकड सोडतो. वळणावर बाहेरचं पायडल खाली. रस्त्यावर पसरलेली बारीक गिट्टी आणि वाळलेली पानं, या दोन गोष्टींवर सायकल सर्वांत जास्त घसरते. आपली गाडी मागून येत असेल तर शंभर मीटर अंतर ठेवायला सांगा, हॉर्न वाजवायला नको.

दरीत उतरणं

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशोब मांडला, तो अजूनही चालतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. आपल्या उन्हात, पाठीवर बॅग घेऊन, सपाटीचा वेग चार धरा आणि आलेल्या उत्तरात निम्मा वेळ मिळवा. तीन किलोमीटरची वाट आणि ४०० मीटर चढ असेल तर पाऊण तास अधिक चाळीस मिनिटं, म्हणजे सुमारे दीड तास. निम्मा वेळ मिळवून सव्वादोन. म्हणून दहा वाजता, जिथे असाल तिथून, परत फिरा. झरा अजून दहा मिनिटांवर आहे असं वाटाड्या म्हणाला तरी. त्याची दहा मिनिटं म्हणजे आपली पंचवीस.

वाटाड्या स्थानिकच घ्या. दरीत जनावरांच्या वाटा इतक्या आहेत की नकाशावरची रेघ कामाला येत नाही. उतरताना छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, एका हातात काठी. बुटाच्या नाड्या उताराला वरच्या बाजूने घट्ट बांधा, नाहीतर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. बॅग सहा-सात किलोपेक्षा जास्त नको: तीन लिटर पाणी, जेवणाची शिदोरी, टॉर्च, प्रथमोपचार, एक जाड कपडा. बाकी सगळं वर.

अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून कड्यांखाली जाऊ नका. आग्या मोहोळाची पोळी खडकांच्या कपारींना लटकलेली असतात. वास, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, तोंड कपड्याने झाका आणि वाट धरून शक्य तितकं दूर पळा. पाण्यात बुडी मारून त्या जात नाहीत, वाट पाहतात.

पाणी

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. माणशी हिशोब: शनिवारी सायकलवर दोन लिटर, दुपार ते रात्र दीड, रविवारी दरीत तीन, स्वयंपाक-चहाला अडीच, हात-भांडी एक. दहा लिटर. चौघांना चाळीस, म्हणजे २० लिटरचे दोन जार. छिंदवाड्यातून भरून गाडीत ठेवा. कड्यावरच्या गावात उन्हाळ्याकडे बायकांना पाणी लांबून आणावं लागतं; शहरातून गाडी घेऊन आलेल्यांनी त्यातून हंडा उचलणं बरं दिसत नाही.

दरीतल्या झऱ्याचं पाणी प्यावंच लागलं तर दुपदरी फडक्यातून गाळा, मग एक मिनिट खळखळ उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामावाटे मीठ गेलं की पिंडऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. तीच पुडी अर्ध्या बाटलीत टाकू नका. माणशी दोन पुड्या पुरतात.

तंबू आणि थंडी

दोघांचा म्हणून विकला जाणारा तंबू दोघांचाच असतो, बॅगा बाहेर. चार जणांना दोन तंबू. नाल्याच्या पात्रात आणि वाळलेल्या फांद्यांखाली नको. खळं, बांधापलीकडची पडीक जागा, घरापासून हाकेच्या अंतरावर, हे उत्तम. मुरमाड जमिनीत प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात, लोखंडी न्या. खुंटी तंबूच्या उलट बाजूला कलती ठोका. जमीन फारच कठीण असेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून बांधा. दार वाऱ्याकडे नको आणि पूर्वेकडे असेल तर सकाळी ऊन लवकर मिळतं.

थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. सर्वांत खाली ताडपत्री (तंबूच्या कडेबाहेर येता कामा नये, नाहीतर दव तिच्यावर साचून आत येतं), मग तंबू, मग दहा मिलिमीटरची फोमची मॅट, मग स्लीपिंग बॅग. पाच अंशांच्या आसपास आरामाची म्हणून दिलेली बॅग घ्या. ती नसेल तर घरची गोधडी चालते, पण अर्धी अंगाखाली घाला. ओले मोजे घालून झोपू नका. तंबूच्या झडपा पूर्ण बंद केल्या तर श्वासाची वाफ आतून थेंब होऊन गळते. वरची जाळी उघडी ठेवा. तंबूत शेगडी पेटवायची नाही, कोळशाची तर नाहीच. दर वर्षी बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, तंबू त्याहून लहान असतो.

तंबूची चेन कायम बंद. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बरेचदा दुखतही नाही, म्हणून लोक गाफील राहतात. सकाळी बूट झटकून घाला. साप चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही नको. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ किंवा ११२ लावा, आणि नेटवर्क नसेल तर सरळ गाडी काढून तामियाच्या आरोग्य केंद्रात, तिथून गरज पडली तर छिंदवाड्याच्या जिल्हा रुग्णालयात. वाटेत भगताकडे थांबायचं नाही.

जेवण

शेणाच्या गोवऱ्यांवरचे पानगे, वांग्याची भाजी आणि वरण, हा आपला खरा बाहेरचा स्वयंपाक. पण त्याला दोन तास आणि भरपूर विस्तव लागतो. वनखात्याने आणि शेतमालकाने हो म्हटलं, खळं स्वच्छ असलं, आणि दुपारी दोनपासून कोणी विस्तवाजवळ बसायला तयार असलं, तरच करा. झाल्यावर विस्तवावर पाणी ओता, राख हाताने चाचपून गार लागेपर्यंत.

नाहीतर खिचडी. माणशी ७५ ग्रॅम तांदूळ, ३५ ग्रॅम मूगडाळ. चौघांना ३०० आणि १४० ग्रॅम धरा, एक आलू, एक कांदा, फल्लीदाणे, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. तीन लिटरचा कुकर न्या; उघड्या भांड्यात गॅस दुप्पट जातो. गॅसचा २३० ग्रॅमचा एक कॅनिस्टर चौघांच्या एका रात्रीला आणि सकाळच्या चहा-पोह्यांना पुरतो (एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम), तरी दुसरा ठेवा. थंडीत आच मंदावली तर तो गरम पाण्यात बुडवू नका. रात्री कपड्यात गुंडाळून तंबूत ठेवला की सकाळी बरा चालतो. इतवारीहून छिंदवाड्याला रेल्वेने जाणार असाल तर गॅस नेता येत नाही, मग होटेलचं किंवा गावातल्या घरचं जेवण धरा. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, संत्री. केळी बॅगेत चेंदतात.

रात्री खाण्याची प्रत्येक पिशवी गाडीत, काच बंद. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. आधी उंदीर येतात, मग उंदरांमागे साप.

शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा आणि वर माती. ओले टिश्यू कुजत नाहीत, ते परत आणा. कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या ठेवा, एक कोरड्या कचऱ्याची, एक ओल्या.

रविवारी

सकाळी तंबू दवाने ओला असतो, म्हणून तो तसाच उभा ठेवून, राखणदाराला सांगून दरीत जा. बाराला वर आलात की तो वाळलेला असेल, तेव्हा गुंडाळा. घाईत ओला गुंडाळला आणि आठवडाभर माळ्यावर पडला तर बुरशीचा वास कायमचा. सायकली बांधताना पट्टे पुन्हा तपासा, आणि परतीत गाडी चालवणाऱ्याला दुपारी वीस मिनिटं झोपू द्या.

घरी आल्यावर गवतात फिरलेले कपडे गरम पाण्यात धुवा, काखा, जांघा, कानामागची जागा नीट पाहा. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने तो होतो, आणि ताप चावल्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी येतो, तोवर सहल विसरलेली असते. अंगावर कुठे काळी खपली दिसली, किंवा पंधरा दिवसांत ताप, डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही जंगलात मुक्काम केला होता. औषध साधं आहे, उशीर मात्र महागात पडतो.